दबल

बिदियाच्या शेवटच्या पंक्चरवाल्यापाशी डांबर संपतं.
संपतं म्हणजे, वाळू त्यावर चढून बसते,
रिकाम्या घरात मांजर बसावं तशी.

मसऊद उतरायचा. काडीनं व्हॉल्व दाबून
चारी चाकांतली हवा सोडायचा, काटा न बघता,
नुसत्या सुस्काऱ्याच्या लांबीवरून.
पुढच्या चाकांच्या मधल्या चकत्या फिरवायचा,
हात पँटला पुसत आत यायचा आणि म्हणायचा,
सिस्टर, आता दबल.

चारही चाकं ओढायला लागली की इथे त्याला दबल म्हणतात.
हलकं दबल, जड दबल.
मोठ्या गेअरशेजारी एक बुटका दांडा,
तळहातांनी त्यावरचे आकडे पुसून टाकलेले.
अकरा वर्षं मी त्याच्या उजव्या हाताला,
लशींची पेटी मांडीवर,
डावा गुडघा त्या दांड्याला टेकलेला.

तो शिकवायचा नाही, बोलायचा फक्त.
हलकं चालत्या गाडीत पडतं, चाकं सरळ असली तर.
जडासाठी थांबावं लागतं. पूर्ण.
अर्धवट थांबलेल्याला ती दात दाखवते.
मला वाटायचं, हा भलत्याच कशाबद्दल सांगतोय.
गाडीबद्दलच सांगत होता.

त्या गुरुवारी सात मुलं टोचून परतताना
एका गाफच्या झाडाखाली त्यानं गाडी उभी केली.
(गाफ म्हणजे आपली शमीच,
फक्त हिला दसरा ठाऊक नाही.)
कपाळावर घाम, हात थरथरते, साखर उतरलेली.
पाच खजूर भरवले, डोळे जागेवर आले,
तर म्हणतो, चालव.
आणि मागच्या बाकावर आडवा झाला.

गेअरची गाडी मी देवरुखला मामाच्या टेम्पोवर शिकले,
तीही विटांचा भट्टीवाला रागावेपर्यंतच.

पहिल्याच चढावर बसलो. चाकं खाली, अजून खाली.
मी थांबले. पूर्ण.
क्लच दाबून दांडा मधल्या पोकळ जागेतून ओढला
आणि इंजिनानं आवाज बदलला,
जाडजूड पेशंट उचलताना वॉर्डबॉय काढतो तसा.
मग आम्ही चढलो. चालत्या माणसाच्या वेगानं,
पण चढलो.

सपाटीला हलकं दबल, पुढे डांबर, पुढे गोल चौक,
आणि मी इतकी खूश की तशीच वळले.
स्टिअरिंग दगड. टायर किंचाळले.
दांडा ओढला, येईना.
दोन्ही हातांनी ओढला,
मग कुणी बघत नाहीसं बघून पायानं.
पंक्चरवाला शफीकुल बघत होता.

मागून, डोळे मिटूनच, मसऊद म्हणाला,
पुढे नको. मागे घे.
दोन हात. सरळ.

घेतली.
खाली पोटात कुठेतरी टक् झालं
आणि दांडा दोन बोटांत आला,
चहातला चमचा येतो तसा.

वळणावर पुढची चाकं जास्त चालतात, तो म्हणाला,
मागची कमी. बांधलेली असली की ओढाताण साठत जाते.
वाळू फरक गिळते.
डांबर हिशेब ठेवतं.
मग पाणी मागितलं आणि झोपला.

आता मसऊद घरी असतो, नातवंडं आणि दोन उंटिणी.
नव्या गाडीत दांडाच नाही,
गोल बटण आहे. हिलाल ते एका बोटानं फिरवतो.
करार वाढवायचा कागद यंदा
ड्रॉवरमध्ये आहे, सही केलेला नाही,
फाडलेलाही नाही.

काल डांबरावर आलो तरी दिवा लुकलुकत राहिला.
हिलालनं बटण फिरवलं, परत फिरवलं,
पुस्तिका काढली, कंपनीला फोन लावला.
मी पेटी मांडीवर नीट धरली.
मागे घे, म्हटलं.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू पेटीच बोलली.
थोडीच रे. दोन हात.
सरळ.